बिराजदार मॅडमचा विषय

बिराजदार मॅडमना कळंबमध्ये बरेच लोक ज्योतिषीच समजायचे. मानसशास्त्र शिकवतात म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखत असणार, असा सरळ समज. आठवडी बाजारात भाजीवाली मेथीची जुडी त्यांच्या पिशवीत टाकता टाकता हात पुढं करायची. "मॅडम, बघा की. पोराचं लगीन जमंल का औंदा?" मॅडम तो हात खरंच हातात घ्यायच्या, त्याला लागलेली माती अंगठ्यानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "हात बघायला येत नाही मला, मावशी. पण परवा पोरगी बघायला गेला होतात, त्याचं काय झालं?" मग भाजीवाली ते सगळं सांगत बसायची आणि मागं गिऱ्हाइकं खोळंबून राहायची. मॅडमना त्याचं काही नसायचं. पिशवी खांद्याला, छत्री काखेत, आणि मान किंचित वाकडी करून त्या ऐकत उभ्या.

पूर्ण नाव प्रा. महानंदा बिराजदार. ठेंगण्या, सावळ्या, कायम सुती साडीत. कपाळावर विभूतीची पुसट रेघ. उमरग्याकडच्या असल्यामुळं त्यांच्या मराठीला कानडी हेल होता. "बस की गं", "सांग की मग" असं त्या म्हणायच्या आणि आम्ही पोरी त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचो. आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या त्या एकट्याच. विभागप्रमुख त्या, प्रयोगशाळेचं कुलूप उघडणाऱ्या त्या, आणि उन्हाळ्यात एस.टी.नं गावोगाव हिंडून पुढच्या वर्षीसाठी विद्यार्थी शोधणाऱ्याही त्याच. बी.ए.ला येणारी पोरं मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घ्यायची. स्पर्धा परीक्षेला तेच बरं, असं सगळ्या तालुक्यानं मिळून ठरवलेलं. मॅडमच्या वर्गात बाकं जास्त आणि पोरं कमी.

मी त्यांच्या वर्गात गेले त्याची गोष्ट अशी. बारावीचा निकाल लागला आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन प्रवेशासाठी कॉलेजात आले. आप्पा कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापं करायचे. त्या दिवशी खाडा करून आले होते, त्यामुळं त्यांना घाई होती. खिडकीपुढं रांग लांब होती. व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई भाजलेल्या शेंगा फोडत बसली होती. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बसा की भाऊ. रांग काय हलत नाही इतक्यात."

आप्पा बसले. मी उभी.

"काय घेणार पोरगी?"

"मराठी, इतिहास आन् ते... राज्यशास्त्र," आप्पांनी पाठ केल्यासारखं सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

"समदेच घेत्यात."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुला काय आवडतं गं?"

 मी नुसती मान हलवली.

"बरं, ते राहू दे. कशाचा विचार सारखा येतो डोक्यात, ते सांग."

मी पटकन बोलून गेले, "आत्याचा."

"वर्षे," आप्पा हळूच म्हणाले. घरातलं बाहेर काढू नको, असा त्याचा अर्थ होता.  बाईंनी शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळून टरफल फुंकलं, अर्धे दाणे आप्पांना दिले, अर्धे मला. आणि नुसत्या बसून राहिल्या. ही त्यांची सवय मला नंतर चांगलीच माहीत झाली. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. बघायचंही नाही समोरच्याकडं, नाहीतर माणूस अवघडतो. ती शांतता इतकी लांबायची की समोरच्यालाच ती सहन व्हायची नाही.

मलाही झाली नाही. मी सांगितलं. सुमनआत्या सासरहून परत आली तेव्हापासून कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायची. विंचरायची नाही. कुणी ताट पुढं ठेवलं तर जेवायची, नाहीतर तेही नाही. देवऋषी झाले, उतारे झाले, काळे दोरे झाले. "सगळे म्हणतात बाहेरचं हाय," मी म्हणाले. "बाहेरचं असतं तर ती अशी आत आत का गेली असती?"

बाईंचा शेंग फोडणारा हात थांबला.

"माझा विषय घे," त्या म्हणाल्या. तेव्हा आम्हाला कळलं की या इथल्या प्राध्यापक आहेत. आप्पा बाकावरून अर्धे उठले. मॅडमनी त्यांना हातानंच खाली बसवलं.

"मॅडम, ह्यात नोकरी लागती का?"

"लागेलच असं नाही सांगत, भाऊ. बी.ए.वर तर नाहीच. पुढं एम.ए. करावं लागेल, त्याच्याही पुढं शिकावं लागेल. तेव्हा कुठं काही."

"मंग घ्यावं कशाला?"

"तिला प्रश्न पडलाय म्हणून. माझ्या वर्गात निम्म्या पोरांना तो पडलेलाच नसतो."

"तीन वर्षांत कळंल का हिला?"

"थोडं कळेल," मॅडम म्हणाल्या.

आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले. आप्पांना तसं हसताना मी क्वचितच बघितलं होतं. "मॅडम, सारी जिंदगी मोंढ्यात गेली माझी," ते म्हणाले. "आपल्या मालाची इतकी कमी तारीफ करणारं माणूस पयल्यांदाच बघितलं." आणि खिडकीपाशी नंबर आल्यावर त्यांनी राज्यशास्त्र काढून मानसशास्त्र घालायला सांगितलं. मोंढ्यातल्या लोकांनी त्यांना यावरून पुष्कळ दिवस छेडलं. पोरीला येड्याच्या दवाखान्यात पाठवणार काय, म्हणून.

हा शब्द मॅडमपुढं चालायचा नाही. वर्गात कुणी कुणाबद्दल "तो येडा हाय हो" म्हणालं की त्या शिकवायच्या थांबायच्या. "त्याला नाव असेल ना?" असं विचारायच्या. नाव सांगितल्याशिवाय पुढचं वाक्य बोलू द्यायच्या नाहीत. एकदा एका पोरानं गावातल्या कुणा फिरस्त्या माणसाची गोष्ट सुरू केली आणि त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं. "मग आधी नाव विचारून ये," मॅडम म्हणाल्या. पोरगं पुढच्या आठवड्यात खरंच विचारून आलं. "शिवाजी नाव हाय त्याचं, मॅडम. परळीकडं घर हाय म्हणला. भाऊ हाय. चहा पाजला म्या त्याला." मॅडमनी मान डोलावली आणि पुढचा धडा काढला.

आत्याच्या बाबतीत त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं, "मी शिकवते. तपासणारे डॉक्टर वेगळे." पण दिवाळीच्या आधी एका रविवारी त्या आमच्या घरी आल्या. आई चहा ठेवायला गेली. मॅडम आत्यासमोर बसल्या नाहीत. तिच्या शेजारी, तिच्यासारखंच भिंतीकडं तोंड करून बसल्या. पिशवीतून डबा काढला. त्यांच्या डब्यात कायम कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची. चिमूटभर चटणी आत्याच्या तळहातावर ठेवली. "बघा बरं ताई, तिखट कमी पडलंय का?"

आत्यानं बराच वेळ हाताकडं बघितलं. मग बोटानं चाटली.

"मीठ जास्ती हाय," आत्या म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात आई कपबशी घेऊन तशीच थांबली. परक्या माणसाशी आत्या किती तरी महिन्यांनी बोलली होती.

नंतर आप्पा, आत्या, मी आणि मॅडम असे धाराशिवच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेलो. मॅडमनी त्यासाठी रजा टाकली होती. बसस्टँडवर आप्पांच्या ओळखीचा एक व्यापारी भेटला. "काय, समदं घरदार घेऊन कुठं निघालास?" आप्पांनी मान खाली घातली. मॅडम सहज म्हणाल्या, "दवाखान्यात चाललोय. सुमनताईंना झोप लागत नाही, जेवण जात नाही. त्याचं औषध आणायला." व्यापारी म्हणाला, "व्हय व्हय, औषध घ्यायलाच पायजे. माझी बी झोप कमीच झालीया." आणि गेला. एवढंच झालं. पण तेव्हापासून आप्पा सगळ्यांना हेच वाक्य सांगायला लागले. झोप लागत न्हाय, जेवण जात न्हाय, औषध चालू हाय. त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

आत्या अगदी पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. वाईट दिवस तिला अजूनही येतात. पण त्या उन्हाळ्यात ती स्वतः उठून आईला कुरडया घालू लागली, आणि उन्हात बसून शेजारणींशी भांडायलाही लागली. आई म्हणायची, भांडती हाय तवर मला चिंता न्हाय.

मॅडमचं सगळंच कौतुक करण्यासारखं होतं असं नाही. ऑफिसातली माणसं त्यांना वैतागलेली असायची. अंतर्गत गुण त्या कधी वेळेवर द्यायच्या नाहीत. छत्र्या हरवायच्या. गाईडमधलं उत्तर कुणी जसंच्या तसं लिहिलं की त्यांचा पारा असा चढायचा की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबायचं. "हे तू लिहिलंस का त्या गाईडवाल्यानं? त्याला बोलाव मग परीक्षेला!" पोरगं रडकुंडीला आलं की मग स्वतःच ओशाळायच्या आणि मधल्या सुट्टीत त्याच्या हातात भाकरीचा तुकडा द्यायच्या.

प्राचार्यांशी त्यांचं कायम वाजायचं. विद्यार्थी इतके कमी, तर प्रयोगशाळेची खोली कशाला अडवायची, असं प्राचार्यांचं म्हणणं. त्यांना तिथं परीक्षेचे गठ्ठे ठेवायचे होते. प्रयोगशाळा म्हणजे तरी काय, एक लोखंडी कपाट आणि त्यात चार-सहा लाकडी उपकरणं. एके दिवशी प्राचार्य खोली बघायलाच आले. बरोबर ऑफिसचा माणूस, हातात माप घ्यायची टेप. आमचं प्रात्यक्षिक चालू होतं.

"या की सर," मॅडम म्हणाल्या. "माप घेऊ द्या त्यांना. तुम्ही तोवर एवढं करून दाखवा."

त्यांनी टेबलावर आरशाचं उपकरण ठेवलं. कागदावर एक चांदणी छापलेली असते. मध्ये आडपडदा, त्यामुळं आपला हात आणि कागद सरळ दिसत नाही. समोरच्या आरशात बघून त्या चांदणीच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची. ऐकायला अगदी सोपं. प्राचार्य गणिताचे. त्यांनी मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं, पेन्सिल धरली आणि पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल वर जायच्या ऐवजी खाली गेली. त्यांनी ती वर आणायला बघितलं, तर डावीकडं पळाली. आम्ही ओठ दाबून उभे. प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला.

"हात ऐकत नाही हो," ते म्हणाले.

"कुणाचाच ऐकत नाही सर, पहिल्यांदा. अजून एकदा करा."

त्यांनी अजून एकदा केलं. मग अजून एकदा. ऑफिसचा माणूस टेप गुंडाळून दारात उभा राहिला. शेवटी एकदाची पेन्सिल चांदणीभर फिरली, वेडीवाकडी का होईना, तेव्हा प्राचार्य लहान पोरासारखे खूश झाले. तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. जाता जाता मॅडमना म्हणाले, "म्हणजे इतक्या वर्षांची सवय अशी चटकन मोडत नाही म्हणा." मॅडम म्हणाल्या, "मोडत नाही. पण बदलते." परीक्षेचे गठ्ठे शेवटी जिन्याखाली गेले.

आमच्या वर्गात तेरखेड्याची एक मुलगी होती, करिष्मा. तेरखेड्यात घराघरात फटाक्याचं काम. करिष्मा शाळेत असताना तिची आई ज्या शेडमध्ये कामाला होती तिथं आग लागली. आई वाचली, पण हातावर आणि मानेवर भाजल्याच्या खुणा राहिल्या. करिष्मा तेव्हापासून आवाजाला घाबरायची. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांनी लड लावली आणि ही बाकाखाली जाऊन बसली, कानांवर हात घट्ट दाबून. बाहेर येईचना. दुसऱ्या दिवशी वर्गातला गणेश म्हणाला, "फटाक्याच्या गावची पोरगी आन् फटाक्याला भिती!" सगळे हसले. करिष्मा आठवडाभर आली नाही.

मॅडम तेरखेड्याला गेल्या, तिच्या आईला भेटल्या. आईनं सांगितलं, "फाटं मोडलं चुलीपुढं तरी दचकती ओ. आन् मी सोता भाजलेली, मला तिला काय बी म्हणता येत न्हाय. घर तर ह्याच्यावरच चालतंय." परत येऊन मॅडमनी धाराशिवच्या त्याच डॉक्टरांशी बोलून घेतलं. मग करिष्माला एकटीला बोलावलं आणि सांगितलं की काय करायचं ते तू ठरव, आम्ही तसं करू. करिष्मा तयार झाली तेव्हाच पुढचं सुरू झालं.

झालं ते असं. तास संपल्यावर आम्ही चार-पाच जण थांबायचो. करिष्मा व्हरांड्याच्या पार त्या टोकाला जाऊन उभी राहायची. या टोकाला प्रयोगशाळेच्या दारात एकानं जाडजूड शब्दकोश हातात धरून उभं राहायचं. तिनं तिकडून "टाक" म्हटलं की तो फरशीवर टाकायचा. ती म्हणाली नाही तर टाकायचा नाही. कितीही वेळ लागला तरी. आणि पुस्तक धरायला मॅडमनी कुणाला उभं केलं असेल? गणेशला.

पहिल्या दिवशी गणेश पुस्तक धरून उभाच. करिष्मा तिकडं भिंतीला टेकून, तोंड पांढरंफटक. हात दुखायला लागले म्हणून गणेशनं मॅडमकडं बघितलं. मॅडम कपाट आवरत होत्या. "तिनं सांगितलं का?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी करिष्मा काही बोललीच नाही. मॅडमनी कुलूप लावलं. "आजचं झालं. उद्या." दुसऱ्या दिवशी लांबून बारीक आवाज आला, "टाक." धप्प झालं. करिष्मा दचकली, खाली बसली, आणि थोड्या वेळानं स्वतःच उठून उभी राहिली.

मग ती रोज थोडी थोडी अलीकडं यायला लागली. कधी एक फरशी, कधी एकही नाही, कधी उलट मागं जायची. मॅडम शाबासकी द्यायच्या नाहीत आणि हळहळायच्याही नाहीत. गणेश मात्र बदलत गेला. सुरुवातीला कंटाळणारा गणेश नंतर तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणायला लागला, "आज नको वाटतंय काय? राहू दे. मला काय घाई न्हाय." पावसाळा संपता संपता करिष्मा दारापाशी आली. तिनं गणेशच्या हातातून शब्दकोश घेतला, डोळे मिटले, आणि स्वतःच टाकला. मग डोळे उघडून आमच्याकडं बघितलं आणि एकदम हसायला लागली. हसता हसता रडली. मॅडमनी खाली पडलेल्या शब्दकोशाची सुटी झालेली पानं गोळा केली. "याला आता बांधून आणायला पाहिजे," म्हणाल्या. 

सगळीच कामं अशी तडीला जायची नाहीत. आमच्याच वर्गातल्या एका हुशार मुलीचं दुसऱ्या वर्षाला असतानाच लग्न ठरलं. तिला शिकायचं होतं. मॅडम तिच्या घरी गेल्या. घरच्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, लग्नाची पत्रिका दिली आणि निरोप दिला. मुलीला बाहेर येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चहा चांगला होता."  त्या दिवशीचा डबा त्यांनी उघडला नाही.

बी.ए. झाल्यावर मी विद्यापीठात मानसशास्त्रातच एम.ए. करायचं ठरवलं. या वेळी घरात कुणी का म्हणून विचारलं नाही. आप्पांनी मोंढ्यात पेढे वाटले. पुढचं शिक्षण करून मी आता एका सरकारी दवाखान्यात समुपदेशनाचं काम करते. करिष्मा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला शाळेत शिकवते. मॅडमना आम्ही फोन करायचो. त्या आमचं ऐकून घ्यायच्या, मधूनमधून "मग?" म्हणायच्या. स्वतःचं काही सांगायच्या नाहीत, आणि आम्हालाही ते विचारावं असं कधी सुचलं नव्हतं.

मागच्या वर्षी कळलं की मॅडमनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली आणि मुरुमला आईजवळ राहायला गेल्या. मी एका सुट्टीच्या दिवशी त्यांना भेटायला गेले. बाजारपेठेच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. पुढं ओटा, ओट्यावर तुळस. मॅडम थकल्यासारख्या दिसल्या. केस बरेच पांढरे झालेले. आत पलंगावर त्यांची आई झोपली होती. पार वाळलेली, पण कपाळावर विभूती ठसठशीत. "तिला आता माणसं ओळखू येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मराठी पण विसरली. सगळं कानडीतच."

आम्ही ओट्यावर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना विचारलं, "मॅडम, तुम्ही का घेतला हा विषय?" आणि त्यांनी शिकवलं होतं तसं गप्प बसले. रस्त्याकडं बघत राहिले.

खूप वेळानं त्या बोलायला लागल्या. त्र्याण्णव सालचा भूकंप झाला तेव्हा त्या अकरावीला होत्या, उमरग्याला वसतिगृहात. वडील आधीच गेलेले. गावी आई आणि मोठी बहीण गंगा. आई त्या रात्री अंगणात झोपली होती म्हणून वाचली. गंगा आत होती.

"मला एक बहीण होती, हे तुला माहीत नसेल," मॅडम म्हणाल्या. "तिनंच पाठवलं होतं मला शिकायला. तिचं लग्न ठरत होतं तर म्हणाली, आधी महानंदाचं शिक्षण होऊ दे."

छावणीत पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरून आलेले एक डॉक्टर बसायचे. मनाचे डॉक्टर. त्यांना कानडी येत नव्हती, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना दुसरं काही नीट बोलता येत नव्हतं. म्हणून मॅडमना दुभाषी म्हणून बसवलं. डॉक्टर विचारायचे, झोप लागते का. मॅडम कानडीत विचारायच्या. बाई म्हणायची, लागते. मॅडमना वाटायचं आता पुढचा प्रश्न येईल. पण डॉक्टर गप्प बसायचे. खूप वेळ. आणि मग ती बाई आपणहून सगळं सांगायला लागायची.

"एक दिवस अव्वा आली रांगेतून," मॅडम म्हणाल्या. "माझी आई. मला म्हणाली, मला पण विचार की. मी विचारलं, झोप लागते का. ती काही बोलली नाही. डॉक्टर पण काही बोलले नाहीत. मी पण नाही. मग ती पहिल्यांदा रडली. तोपर्यंत रडलीच नव्हती." त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा केला. "मामा म्हणत होते डी.एड. कर, लगेच मास्तरीण होशील. मी म्हटलं, मला हेच शिकायचंय. मी भांडले, रुसले. वर्षभर मामा माझ्याशी बोलले नाहीत. अव्वानं तिच्या मनासारखं होऊ द्या म्हणून सांगितलं, तेव्हा मी शिकायला गेले."

आतून हाक आली. "गंगव्वा!"

मी मॅडमकडं बघितलं.

"मला गंगा समजते आता," त्या उठत म्हणाल्या. "सुरुवातीला मी सांगायची, अव्वा, मी महानंदा. मग गंगा कुठंय म्हणून विचारायची, आणि तिला ते नव्यानं कळायचं. रोज नव्यानं. मग मी सांगायचं सोडलं."

त्या आत गेल्या, आईला उठवून बसवलं, दंडाला धरून ओट्यावर घेऊन आल्या. म्हातारीनं माझ्याकडं बघितलंच नाही. रस्त्याकडं बघत ती कानडीत काहीतरी विचारायला लागली. काळजीचा सूर होता. मॅडम हळू आवाजात उत्तर देत होत्या. मी निघायला उठले तेव्हा मॅडम मला ओट्याच्या पायरीपर्यंत सोडायला आल्या.

"काय विचारतात त्या?" मी म्हटलं.

"धाकटी अजून कॉलेजातून आली नाही म्हणते. उशीर झाला. इतकं शिकायला कुणी पाठवलं तिला एकटीला, म्हणून मला रागावते." मॅडम थोडंसं हसल्या. "सांगितलं तिला, मीच पाठवलं."

मागून म्हातारीनं पुन्हा हाक मारली. मॅडम वळल्या. "बरताळ अव्वा," त्या म्हणाल्या. "ईग बरताळ." येईल आई, आत्ता येईल, एवढं मलाही कळलं.

कोपऱ्यावर पोचल्यावर मी मागं वळून पाहिलं. मॅडम ओट्यावर आईला खेटून बसल्या होत्या, म्हातारीचा हात हातात घेऊन. आणि दोघी मिळून रस्त्याकडं डोळे लावून महानंदाची वाट बघत होत्या.